सुरू होईपर्यंत

नवऱ्याच्या पहिल्या बायकोने घेतलेला कॉम्प्युटर अजून घरात होता. नवीन घेऊ म्हटलं की "चालतोय ना!" म्हणून तो विषय झटकायचा. रोज संध्याकाळी तिच्या मुलीच्या अभ्यासासाठी बटण दाबलं जाई आणि पडदा उजळेपर्यंत बापलेक डोक्याला डोकं लावून कुजबुजत, खुदुखुदु हसत बसत. भाजी चिरायची सोडून ही दुसरी बायको दारात आली, की दोघं चिडीचूप! गेलेली बाई त्या डब्यात बसून आपल्या डोक्यावर मिरे वाटतेय, असं वाटून हिचा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी नवरा कामावर गेल्यावर हिने दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं.

"जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकतो, वहिनी. आतलं सगळं जसंच्या तसं राहील, फक्त सुरू व्हायला वेळ लागणार नाही."

"तेवढंच हवंय मला," ही म्हणाली.

त्या संध्याकाळी बटण दाबायचा अवकाश, पडदा लख्ख उजळला. नवरा "अरे वा!" म्हणाला आणि त्याने सरळ धडा उघडून दिला. ना कुजबुज, ना हसू. स्वयंपाकघरात कान टवकारून उभ्या असलेल्या हिचा जीव भांड्यात पडला.

थोड्या वेळाने मुलगी हिरमुसल्या तोंडाने हिच्यापाशी आली.



"मावशी, तो सुरू होईपर्यंत बाबा मला रोज तुमची एक गंमत सांगायचे. आजची राहिली. तुम्हीच सांगता?"