सह्यांचा कागद

"आम्हा दोघांची सही झाली बरं का, आमदारसाहेब!" डेल्मर पिकअपमधूनच ओरडला.

व्हर्लिनने गाडी थांबवली. साउथ डकोटात शेजारी समोरून आला की थांबायचंच, मग वाऱ्याने कान गळून पडले तरी.

"लव्हॉन परवा आली होती कागद घेऊन," डेल्मर म्हणाला. "ऐन गायी व्यायच्या दिवसांत बाई घरोघर फिरतेय. दरवेळी आम्ही भिडेखातर सही करतो. यंदा मात्र मनापासून केली हो!"

"आठ वर्षांनी पटलो म्हणायचं," व्हर्लिन हसला. पण मनातून तो खजील झाला होता.

उमेदवारी अर्जाला गावकऱ्यांच्या सह्या लागत, आणि त्या गोळा करायचं काम दर निवडणुकीला त्याच्या बायकोचं, लव्हॉनचं. यंदा तर त्याने तिला सांगितलंही नव्हतं. आपणहूनच निघाली होती बिचारी. आणि तो आज घरी चालला होता तो निवडणूक लढवणार नाही हे सांगायला.

अधिवेशन नेमकं भर हिवाळ्यात येई. आठ हिवाळे तो राजधानीत टाय बांधून बसला, आणि इकडे दोनशे गायींची बाळंतपणं लव्हॉनने एकटीने केली. संध्याकाळी तो फोन करी तो गोठ्यातलं ऐकायला. ओल्या वासराचा वास, गवतावरची वाफ, तिची शेजारची चाहूल, या सगळ्यासाठी त्याचा जीव तुटायचा. ती मात्र "अकरा झाली, एक गेलं" एवढ्यात आटपायची आणि विचारायची, "ते दवाखान्याचं विधेयक कुठवर आलं? कोण काय बोललं? नीट सांग, घाई करू नकोस."

केवढं मन राखते आपलं, असं त्याला वाटायचं.

तो घरात शिरला तेव्हा लव्हॉन स्वयंपाकघरात होती. अंगात गोठ्यातला मळका कोट, डोळे जागरणाने लाल. दाराशी त्याचे जुने बूट तेल लावून ठेवलेले. ते बघून त्याला राहवलं नाही.

"लव्हॉन, मी यंदा उभा राहत नाही. पुरे झालं. तुझ्यावाचून करमत नाही मला तिथे. आता कायमचा घरी."

ती बघतच राहिली. "खरंच? नंतर शब्द फिरवशील."

"नाही फिरवणार. उद्यापासून गोठा माझा. अडलेली गाय असो की वादळ असो, तू उठायचं नाहीस."

लव्हॉनने त्याला घट्ट मिठी मारली. तिचे डोळे भरून आले. "कसं सांगावं याचीच धास्ती होती रे मला."

"मलाही होती. लोकांनी एवढ्या मनापासून सह्या केल्या! तो कागद आता फाडून टाक."

तिने डोळे पुसले, साखरेच्या डब्याखालून कागद काढला आणि पेनासकट त्याच्यापुढे सरकवला.

"तुझी तेवढी राहिलीय."

डेल्मर, त्याची बायको, अख्खा परिसर होता त्यावर. व्हर्लिनने चष्मा लावला आणि पहिल्यांदाच वरची ओळ वाचली.

उमेदवार : लव्हॉन होकेन्सन.