बाई म्हणायच्या तस्संच

शेवंती उठली, फ्रॉक सारखा केला आणि बंद दाराकडे चालत गेली. "आय ॲम गोइंग टु द डोअर," ती म्हणाली. मागून चाळीस पोरांनी तेच म्हटलं. तिने कडीला हात घातला. "आय ॲम ओपनिंग..." इथे ती थांबली, मूठ तोंडावर धरून दोनदा खोकली, हळूच "सॉरी" म्हणाली आणि मग वाक्य पुरं केलं, "द डोअर."

मागची चाळीस पोरंही थांबली, दोनदा खोकली, सॉरी म्हणाली आणि त्यांनी बसल्या जागी हात पुढे करून हवेतलं दार उघडलं.

हेन्रीसर फळ्याशी उभे होते. १२ डिसेंबर १९८४, एवढी तारीख घालून झाली होती. हातातला खडू मोडला ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मरोळच्या त्या मराठी शाळेत पोरांना इंग्रजी पाचवीला भेटायचं, आणि या वर्गाचं इंग्रजी जूनपासून आयरीनबाईंकडे होतं. आयरीनबाई म्हणजे हेन्रीसरांची बायको. छातीचं जुनं दुखणं होतं, दिवाळीच्या सुट्टीत त्या गेल्या. त्यांच्या जागी कोणी मिळेना, तेव्हा इंग्रजीच्या तासाला पोरं आपली आपणच घोकत बसायची, शेवंती पुढे, बाकीची मागे. त्याच वेळी हेन्रीसर नेमके वरच्या मजल्यावर सातवीला गणित शिकवायचे. खालचा तो खोकला कानावर येऊ नये म्हणून ते अपूर्णांक ओरडून शिकवायला लागले होते. सातवीला वाटायचं, सर हल्ली फार तापट झालेत.

पण उद्या शिक्षणखात्याच्या साहेबांची तपासणी होती. हेडमास्तर राजाराम गुरुजी माणूस वाईट नव्हता, फक्त साहेब येणार म्हटलं की ते शाळाभर येरझाऱ्या घालायचे. सकाळीच त्यांनी हेन्रीसरांना जिन्यात गाठलं होतं. पाचवीचं पाठांतर झकास आहे, तेवढा तो खोकला काढा, साहेबांना वाटेल पोरं चेष्टा करतात, असं म्हणाले. तुम्हाला सांगायला जीभ रेटत नाही, पण शाळेत इंग्रजी येणारं दुसरं आहे कोण, असंही म्हणाले.

"शेवंती, ते मधलं म्हणायचं नाही," हेन्रीसर म्हणाले. "ओपनिंग द डोअर. सरळ."

शेवंतीला कळेना. सगळ्या वर्गात जिचं काही म्हणता काही चुकत नाही, अशी ती मुलगी. कुठलं मधलं, तिने विचारलं. सरांना तो शब्द काही तोंडातून काढवेना. त्यांनी नुसती मूठ तोंडाशी नेली.

"पण बाई तश्शाच म्हणायच्या ना, सर. मी म्हणते तस्संच म्हणायचं, असं त्यांनीच सांगितलंय." मग ती जरा चाचरली. "बाईंचं चुकायचं का?"

सगळा वर्ग सरांच्या तोंडाकडे बघत होता.

"नाही," सर म्हणाले. "बाईंचं बरोबर होतं. साहेबांना मात्र उद्या सरळ म्हणून दाखवायचं."

मग अर्धा तास तेच चाललं. आधी खोकला गेला, पण सॉरी राहिलं. सॉरी गेलं तर त्याची जागा राहिली, तिथे आलं की पोरं नेमकी अडायची. शेवटी ती जागाही बुजली. वाक्य गुळगुळीत झालं. राजाराम गुरुजींनी खिडकीतून ऐकलं आणि मान डोलावून गेले.

खरं तर सरांना हायसं वाटायला हवं होतं. पण तसं झालं नाही. घर गप्प होऊन दीड महिना झाला होता, आता शाळाही गप्प झाली, आणि ती त्यांनीच केली. रोज पहाटे आयरीन अशीच खोकायची आणि झोपमोड झाली म्हणून हळूच सॉरी म्हणायची. ते चादर डोक्यावरून ओढून घ्यायचे. बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी त्या सॉरीला एकदाही काही उत्तर दिलं नव्हतं.

तास संपायला पाच मिनिटं उरली होती. सर चालत गेले आणि शेवटच्या बाकावर पोरांत बसले.

"साहेबांसमोर आत्ता म्हटलंत तसंच म्हणायचं," ते म्हणाले. "पण आता एकदा बाईंसारखं म्हणा."

पोरांचे चेहरे खुलले. शेवंती पुन्हा उठली, फ्रॉक सारखा केला, दाराकडे गेली. सगळी तिच्यामागून म्हणू लागली. आय ॲम ओपनिंग, इथे चाळीस मुठी तोंडावर गेल्या. वर्ग दोनदा खोकला. मग हळू, बाई म्हणायच्या तितक्याच हळू, सगळी म्हणाली, "सॉरी."

"असू दे गं, आयरीन," हेन्रीसरांच्या तोंडून गेलं.

शिकवणारा जे म्हणेल ते मागून म्हणायचं, ही पोरांची जूनपासूनची सवय.

"असू दे गं, आयरीन," वर्ग एका सुरात म्हणाला, आणि चाळीस हातांनी हवेतलं दार उघडलं.