कोऱ्या बशीतले ठिपके

रुग्णालयाच्या नळांत जंतू आहेत का, हे मधुमिता कुंभकोणम शहरातल्या प्रयोगशाळेत रोज तपासत होती. त्याच रुग्णालयात तिची आई अत्यवस्थ होती.

नमुन्यांच्या बशांसोबत ती रोज उबवणपेटीत एक नवी बशी निर्जंतुक पाण्याची ठेवी. तिच्यात काही उगवता कामा नये. पण रोज सकाळी तिच्यात पांढरे ठिपके उगवत, ओळीने, सारख्या अंतरावर. फक्त उजव्या कोपऱ्यातला एक ठिपका नसे. आई दारात तांदळाच्या पिठाने कोलम, म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, घाली, तेव्हा तोच ठिपका विसरे.

"हात धुतेस ना, पोरी?" प्रयोगशाळेचे शंकरनारायण सर चिडवत.

काल आईने डोळे उघडून विचारले, "दारीं कोलम घातलेंस का गे?"

"तूच घालतेस की रोज," मधुमिता बोलून गेली.

घरात कुणी गेले, की त्या दिवशी दारात कोलम घालत नाहीत.

आज उबवणपेटी सरांनीच उघडली. बशी उजेडात धरून ते खूश झाले. "एकही ठिपका नाही! घे, बघ."

मधुमिताने बशी हातात घेतली. पेटीच्या उबेतून नुकतीच निघालेली ती बशी थंडगार होती.