कासवाची फेरी

"दोर सोड वहिनी, उभी काय राहिलीस बाहुलीसारखी!"

हेडफोनमधून वन्सं ओरडल्या, तसं तिने घाईने बटण दाबलं. पडद्यावरच्या इवल्याशा बाईने काठावरच्या खांबाचा दोर सोडला. नाव निघाली.

नाव दोघींची. वल्हं वन्संकडे, दोर हिच्याकडे. वन्सं म्हणजे तिची थोरली नणंद. बदली होऊन दूरच्या शहरात गेलेली, तिथल्या बस डेपोत गाड्या वेळेवर सोडणारी. ही इकडे दातांच्या कवळ्या बनवायचं काम आटपून आलेली, नखांतलं प्लास्टर न काढताच खुर्चीत बसलेली. एका घरात राहत होत्या तेव्हा दोघींचं कधी पटलं नाही. चहात साखर जास्त पडली तरी दोन दिवस अबोला. या नदीवर मात्र जमलं. संध्याकाळ झाली की छत्रीवाला कोल्हा, टोपी घातलेली बदकं, असले उतारू पैलतीरावर न्यायचे, भाड्यात पेरू घ्यायचे, आणि जाता-येता गप्पा. आज कुणाचं काय बिनसलं, कुणाचे गुडघे दुखतात, सगळं.

आज सहा वाजता नदी बंद होणार होती.

"पैसे देऊन विकत घेतलाय ना आपण हा खेळ?" एका कानावरचा हेडफोन सरकवून तिने मागे इस्त्री करत बसलेल्या नवऱ्याला पुन्हा विचारलं. "मग तो आपला नाही का?"

"खेळ कुठे घेतला? खेळायची परवानगी घेतली. कंपनीने दुकानच गुंडाळलं, आता ती परवानगी काय चाटायची?"

"म्हणजे इतकी वर्षं आपण भाडेकरू?"

"भाडेकरूच. आणि नोटीस कधीची येतेय. तूच दर वेळी 'नंतर आठवण करा' दाबत होतीस."

दाबत होती खरी. आठवण पुढे ढकलली की तो दिवसही पुढे सरकेल, असं तिला उगीचच वाटायचं.

आणि नुसत्या खेळाचं तिला एवढं वाटलंही नसतं. वन्संचा नंबर होता की फोनमध्ये. पण फोन करायला कारण लागतं. कुणी आजारी पडलं, कुणाचं लग्न ठरलं, तरच त्या घरचा फोन या घरी वाजायचा. नावेत कारण लागत नसे. उद्या नदीच नसली, तर दोघींनी भेटायचं कुठे?

पैलतीर आला. कोल्हा छत्री मिटून उतरला, मागोमाग बदकं. नाव वळणार तोच टेकडीवरून कासव निघालेलं दिसलं. पाठीवर लाल गाठोडं. रोजच यायचं, रोजच त्याची नाव चुकायची. ते काठाशी पोचेपर्यंत दोन फेऱ्या होऊन जात, म्हणून वन्संनी कधी थांबू दिलं नव्हतं. वेळ म्हणजे वेळ.

"चला वन्सं. ते काही पोचत नाही."

वल्हं हललं नाही.

"वन्सं?"

"थांब जरा. येऊ दे त्याला."

"हे तुम्ही म्हणताय? सख्ख्या भावासाठी बस थांबवली नव्हती तुम्ही!"

"त्याला धावता येत होतं."

मागे इस्त्री जरा थबकली, मग पुन्हा फिरू लागली.

कासव येत राहिलं. एक पाय, मग दुसरा. घड्याळाकडे बघायचं दोघींनीही टाळलं. मग वन्संनी हलक्या आवाजात सुरू केलं, नावेत बसून दोघींनी कधीतरी जुळवलेलं,

नाव चालली चालली, वारा ओढितो पदर
माझ्या हाती गं वल्हं, वहिनीच्या हाती दोर

गाणं संपलं, पुन्हा सुरू झालं, तेव्हा कुठे कासव नावेत चढलं.

"सोड," वन्सं म्हणाल्या.

तिने दोर सोडला. नदीवर सोनेरी ऊन होतं. कासव मान वर काढून पाण्याकडे बघत होतं, जन्मात पहिल्यांदा नावेत बसलेलं.

"गाठोड्यात काय असेल हो त्याच्या?"

"थांब, काठाला लागलं की..."

पडदा काळा झाला. वर पांढरी ओळ उमटली, ही सेवा आता उपलब्ध नाही. कानात ना पाणी, ना वल्हं, ना वन्सं.

तिने हेडफोन काढला. नवऱ्याने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि कपड्यांची चळत आत नेऊन ठेवली.

फोन वाजला. पडद्यावर वन्संचं नाव. तिने घाईघाईने उचलला.

"काय झालं वन्सं? सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे गं. काही झालं नाही. सहज केला."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग वन्संच म्हणाल्या, "तुला काय वाटतं? काय असेल गाठोड्यात?"

"पेरू. भाड्यासाठी साठवत असेल बिचारं."

"हट्! इतक्या दिवसांचे पेरू? सडून गेले असते."

"मग सांगा तुम्हीच."

"सांगते ना. ऐक."

वन्सं सांगू लागल्या. ती खुर्चीत मागे रेलली. हेडफोनची वायर अजून हातातच होती. ऐकता ऐकता तिने ती खुर्चीच्या हाताला दोनदा गुंडाळली आणि नाव काठाला लागल्यावर मारतात तशी घट्ट गाठ मारली.