मक्यातून नाव

डॅन्यूबच्या मुखाशी असलेल्या आमच्या गावात मेलेल्या माणसाला नावेतूनच तलावापलीकडच्या दफनभूमीत नेत. पुढे बांध घालून तलाव आटवला, तिथे मका लावला. मासे संपले, पोरं इटलीला गेली. तरी बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं, "मला नावेतूनच ने."

बाबांची शवपेटी नावेत ठेवली, नाव ट्रॅक्टरला बांधली आणि मक्यातून निघालो. आर्तामोनकाका नावेत बसून हवेत वल्ही मारत होते.

"काका, पुरे आता."

"गप गं! वल्हवल्याशिवाय गेलाय का तो कधी कुठे?"

तलावाच्या पहारेकऱ्याने अडवलं. सरकारदरबारी हे मक्याचं शेत अजून तलावच आहे. पेटी पाहून त्याने टोपी काढली, क्रुसाची खूण केली.



"वाईट झालं, ताई. पण लाइफ जॅकेट नावेतल्या दोघांनाही लागेल."