सोळा नोव्हेंबरची रात्र

"एकशे ब्याऐंशी रात्री." व्हर्नाबाईंनी जोलीनच्या कॅलेंडरवर पेन्सिल टेकवली. मग डॅरेलचं ओढून घेतलं आणि दोनदा मोजलं. "याच्याही एकशे ब्याऐंशीच."

चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई आता ग्रंथालयाच्या तळघरात बसून गावाचे कराचे अर्ज फुकट भरून देत. समोरची दोघं त्यांचेच विद्यार्थी, आणि आता वेगळी झालेली नवराबायको. मागच्या वर्षी दोघांनीही मुलीला, एल्सीला, आपापल्या अर्जात दाखवलं आणि दोघांच्या घरी कर खात्याची पत्रं आली. मूल एकाच्याच अर्जात येतं. वर्षात ज्याच्याकडे ते जास्त रात्री झोपलं, त्याच्या. म्हणून या खेपेला बाईंनी दोघांना एकदमच बोलावलं होतं. नऊ वर्षांची एल्सी शेजारच्या टेबलाशी शब्दकोडं सोडवत होती.

"नाताळात तिला ताप होता, ती माझ्याकडे होती," जोलीन म्हणाली. "हा एकेक रात्र ढापतो, बाई."

"मी ढापतो? आणि जुलैत चार दिवस उशिरा कोणी आणून सोडली?"

"तोंडं मिटा. वर्गातही हेच करायचात." बाईंनी दोन्ही कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवली. "दिवस तीनशे पासष्ट, तुमच्या मिळून तीनशे चौसष्ट. एक रात्र गेली कुठे?"

पेन्सिल महिन्यामागून महिने सरकत सोळा नोव्हेंबरवर थांबली. दोन्हीकडे चौकट कोरी.

"तुझ्याकडे होती ती," जोलीन म्हणाली. "तूच दिवस बदलून मागितला होतास."

"आणि तूच नंतर नको म्हणालीस. मी गोदीत दुहेरी पाळीवर होतो."

"माझ्याकडे नव्हती, डॅरेल."

आता आवाज कुणाचाच चढला नाही.

"मी पेल्कीआजींकडे होते," एल्सी कोड्यातून मान वर न करता म्हणाली. "बसने डॅडीकडे गेले, तर कुलूप. मग चालत मम्मीकडे आले, तर तिथेही कुलूप. म्हणून शेजारी गेले. आजींना सांगितलं, मम्मीनेच पाठवलंय."

"बर्फातून चालत?" डॅरेलने विचारलं. "अगं, फोन नाही का करायचास, बाळा?"

"तुम्ही भांडला असतात."

दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रात्री जोलीन दहाला घरी येऊन टीव्ही बघत बसली होती. पलीकडे पेल्कीआजींच्या खिडकीत दिवा होता, तोही तिला आठवला.

व्हर्नाबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. नियम काही त्यांनी केलेला नव्हता.

"मूल एखादी रात्र तिसऱ्याच घरी झोपलं," त्या हळू म्हणाल्या, "तर ती रात्र, ज्याच्याकडे ते असायला हवं होतं, त्याची धरतात. तेव्हा सांगा. त्या दिवशी तिला घरी घ्यायची पाळी कुणाची होती? ज्याची ती रात्र, त्याच्या अर्जात यंदा मुलगी."

इतका वेळ एकेका रात्रीसाठी हमरीतुमरीवर आलेली दोघं, आता तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प. 'माझी' एवढं म्हटलं की करातली सवलत पदरात पडत होती. पण त्याबरोबर, पोरीला विसरलो तो मीच, विसरले ती मीच, हेही तिच्यादेखत कबूल होत होतं. डॅरेल मांडीवरच्या टोपीत बघत राहिला. जोलीनने कोटाची चेन उगाचच गळ्यापर्यंत ओढली.

बाईंची पेन्सिल कोऱ्या चौकटीवर तशीच होती.

एल्सीने कोड्याचं पुस्तक मिटलं. खुर्ची ओढत ती त्यांच्या टेबलाशी आली आणि तिने आधी मम्मीकडे, मग डॅडीकडे बघितलं.

"सांगा ना कुणीतरी," ती म्हणाली. "मी नाही रागावणार."