बासरीखालचा आवाज

पडद्यावर पलंग पाण्यात तरंगत होता, नायिकेच्या केसांतून मासे जात होते. प्रौढांसाठीचा सिनेमा असला तरी त्यातलं स्वप्न मी एडिटिंगमध्ये महिनाभर जपलं होतं.

“मासे पुरे. आता नुसता पलंग दाखव,” निर्माते सावर्डेकर मागून म्हणाले. “मूळ आवाज काढ, बासरी टाक.”

आजच हाती आलेल्या पुढच्या शॉटमध्ये नायिकेचे ओठ हलले. तिथे तिला संवादच नव्हता. मी हेडफोन लावून ऐकलं आणि स्वप्न तिथेच मोडलं.

“टाकलीस बासरी?”

मी हेडफोनची पिन उपटून शॉट पुन्हा लावला. स्पीकरवर ती ओरडली, “थांबवा! हे ठरलं नव्हतं.” मागोमाग सावर्डेकरांचाच आवाज आला, “कॅमेरा चालू ठेव रे.”

मी वळले. “साहेब, बासरी कुणाच्या आवाजावर टाकू? तिच्या की तुमच्या?”